उजेड राखून ठेवण्याविषयी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली बारा छायाचित्रे मी आठवडाभर टेबलावर पसरून ठेवली होती आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहिली. आजोळच्या खळ्यात वाळत घातलेली आमसुले, त्यांच्यामागे पडवीची चुन्याने रंगवलेली भिंत आणि त्या भिंतीला टेकून बसलेली पांढऱ्या लुगड्यातली आजी हा विषय तुझ्या इतक्या जवळचा आहे की त्यात शिकवण्यासारखे माझ्याकडे काही नाही. तुला या छायाचित्रांचे सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर उमटणारे निळे छाप, करायचे आहेत, त्यांवर जलरंग लावायचे आहेत आणि काही ठिकाणी लाल दोऱ्याचे टाके घालायचे आहेत. तू विचारतेस, यासाठी ‘बरोबर’ एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कोणते? माझे मत असे आहे की छायाचित्रावर पुढे हाताने काय करायचे आहे हे ठरल्याशिवाय त्याचे बरोबर एक्स्पोजर ठरत नाही, आणि तुझ्या बारा चित्रांपैकी सात चित्रांत नेमका हाच निर्णय कॅमेऱ्यावर सोपवला गेला आहे.

कॅमेऱ्यातल्या मीटरला आजी, भिंत, आमसुले यांपैकी काहीही ओळखता येत नाही. त्याला फक्त परावर्तित होऊन आलेला प्रकाश कळतो, आणि समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे साधारण अठरा टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे असे गृहीत धरून तो आकडे सुचवतो. म्हणून चौकटभर पांढरी भिंत असली की ती करडी येते आणि चौकटभर काळी म्हैस असली की तीही करडीच येते. तुझ्या सात चित्रांत चौकटीचा मोठा भाग गडद आमसुलांनी व्यापला आहे. मीटरने ती गडद जागा उजळ करण्यासाठी जास्त प्रकाश घेतला आणि त्याची किंमत आजीच्या लुगड्याने मोजली. लुगड्याच्या चुण्या, पदराची किनार, खांद्यावरची घडी हे सगळे जळून पांढरे झाले आणि मागच्या भिंतीत मिसळून गेले. आता लुगडे कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे फक्त तुला ठाऊक आहे, कारण तू तिथे होतीस.

अशा वेळी उजळ भागाला आधी वाचवावे. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक एकदा काठोकाठ भरला की त्यापुढचा प्रकाश नोंदवत नाही, आणि जे नोंदवलेच गेले नाही ते संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. गडद भागाचे तसे नसते. तिथे प्रकाश कमी पोचल्यामुळे उचलताना दाणे दिसतात, पण आकार हाती लागतो. म्हणून चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे संवेदकाची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, घे, पडद्यावर जळलेला भाग लुकलुकतो ती सूचना चालू ठेव, आणि लुगड्यावरची लुकलुक थांबेपर्यंत एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी खाली आण (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). ही सूचना कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेग प्रतिमेवरून दिली जाते, त्यामुळे रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. पण त्या शिलकीवर आधीच हिशेब मांडू नकोस. मात्र गरजेपेक्षा खालीही जाऊ नकोस. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यांतल्या ८,१९२ सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपमध्ये सामावलेल्या असतात. प्रकाश जितका जास्त गोळा होईल तितके चित्र सशक्त होते, फक्त कडेवरून सांडता कामा नये.

मीटर बाजूला ठेवूनही तुला हे जमले पाहिजे. निरभ्र आकाश आणि थेट ऊन असेल तर अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ १६ आणि शटरचा वेग साधारण आयएसओच्या, म्हणजे प्रकाशसंवेदनेच्या, आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा १२५ वा भाग, हा फिल्मच्या काळातला नियम आजही खरा आहे. तोच प्रकाश एफ ८ आणि ५०० वा भाग, किंवा एफ ५.६ आणि १००० वा भाग यांनीही मिळतो. तुझी आजी मात्र पडवीच्या सावलीत आहे आणि आमसुले उन्हात आहेत, हीच या चित्राची खरी अडचण. तिथे चौकटीतली छोटीशी जागाच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने आधी लुगड्याच्या सर्वांत उजळ चुणीवर वाचन घे आणि त्याहून दीड ते दोन स्टॉप अधिक एक्स्पोजर दे, म्हणजे पांढरे पांढरेच राहील आणि तरी त्यात वीण दिसेल. स्पॉट मीटर नसेल तर स्वतःचा तळहात त्याच सावलीत धरून त्याचे वाचन घे आणि एक स्टॉप वाढव. तळहात मध्यम छटेपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, त्वचेचा रंग कोणताही असला तरी. शेणाने सारवलेली जमीनही जवळपास मध्यम छटेची भासते. आजीच्या जवळ सावलीत सारवलेला तुकडा असेल तर तिथले वाचन ताडून पाहण्यास उपयोगी पडेल.

आता सायनोटाइप. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळाची पाने थेट कागदावर ठेवून याच पद्धतीने आपले ग्रंथ छापायला सुरुवात केली. बांधकामाचे नकाशे याच पद्धतीने निघत, आणि ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द आपल्याकडे तिथूनच आला. कृती अवघड नाही. शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पंचवीस ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या शंभर मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. लागेल तेवढेच दोन्हींचे समभाग मिसळून मंद पिवळ्या दिव्याखाली कागदावर फिरवावे आणि अंधारात वाळवावे. फेरिसायनाइडला तीव्र आम्ल किंवा उष्णता लागू देऊ नकोस, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घाल आणि स्वयंपाकघरातली भांडी वापरू नकोस. यात मी सवलत देणार नाही.

या कागदाला सूर्याचे अतिनील किरण लागतात, आणि त्यांचे मोजमाप कॅमेऱ्याचा मीटर करत नाही. म्हणून इथले एक्स्पोजर चाचणीच्या पट्टीवरच ठरते. लेपलेल्या कागदाची लांब पट्टी काप, तिच्यावर निगेटिव्हचा, म्हणजे पारदर्शक फिल्मवर उलट छटांत छापलेल्या चित्राचा, महत्त्वाचा भाग ठेव, वर काच दाब, आणि काळ्या पुठ्ठ्याने दर दोन मिनिटांनी एकेक घर झाकत बारा मिनिटांपर्यंत जा. मग पट्टी धुऊन पूर्ण वाळव आणि दुसऱ्या दिवशी पाहा, कारण निळा रंग हवेत हळूहळू गडद होत जातो आणि ओल्या पट्टीवरून घेतलेला निर्णय हमखास चुकतो. उन्हात असताना लेप पिवळसर हिरव्याचा निळसर होतो आणि पुढे सर्वांत गडद भागांवर राखाडी, काहीशी काशासारखी झाक येते. ही झाक दिसेपर्यंत थांबायचे असते. नवशिक्याला ते चित्र जळाल्यासारखे वाटते आणि तो घाईने काच उचलतो. मग धुताना बरीचशी छटा पाण्याबरोबर निघून जाते आणि हाती फिके आकाश उरते. मे महिन्यातल्या दुपारी माझ्या गच्चीवर ज्या निगेटिव्हला सात मिनिटे पुरतात, तिलाच ढगाळ आषाढात अर्धा तास लागलेला मी पाहिला आहे. म्हणून माझी मिनिटे उतरवून घेऊ नकोस, तुझी पट्टी कर.

कागदाविषयी एक अनुभव सांगितला पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी मी एका दुकानातून सुंदर, जाडसर हातकागद आणला आणि त्यावर वीस चित्रे छापली. वर्ष संपण्याआधी त्यांतला निळा रंग पिवळट आणि मळका होत गेला. कागद टिकावा म्हणून त्यात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेला होता, आणि प्रशियन ब्लूला, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाला, अल्कली सोसत नाही. ती वीस चित्रे गेली, आणि त्यांतल्या दोघांच्या चेहऱ्यांची दुसरी नोंद माझ्याकडे राहिली नाही. तेव्हापासून मी नव्या कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहतो. बुडबुडे आले तर तो कागद दुसऱ्या कामाला ठेवतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकले तर मध्यम छटाही चांगल्या टिकतात. साबण आणि धुण्याचा सोडा यांचा त्या तसराळ्याला कधीही स्पर्श होऊ देऊ नकोस.

तुझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे येते. तुला आमसुले लाल रंगवायची आहेत. छायाचित्रात ती गडद आहेत, म्हणून निगेटिव्हमध्ये ती पारदर्शक होतील, तिथून भरपूर ऊन जाईल आणि कागदावर तिथे सर्वांत दाट निळा येईल. जलरंग पारदर्शक असतो. दाट निळ्यावर लाल चढवलास तर ना लाल मिळेल ना निळा, एक मळका काळपट डाग मिळेल. लाल रंग उजळतो तो त्याच्या खालच्या पांढऱ्या कागदामुळे. म्हणून निगेटिव्ह करण्याआधीच संगणकावर आमसुलांचा भाग उजळ कर, इतका की छापात त्यांच्या फक्त कडा आणि मधल्या फटी फिक्या निळ्याने उमटतील. आमसुलांची जागा तुझ्या हातासाठी मोकळी राहिली पाहिजे. याउलट लुगड्यावर तुला काहीच रंग लावायचा नाही, म्हणून त्याच्या चुण्या छापानेच द्यायला हव्यात, अगदी पुसट निळ्या. आणि भिंत कोरी राहू दे. लुगडे आणि भिंत हे दोन पांढरे छापात वेगळे दिसायचे असतील तर ते कॅमेऱ्यातच वेगळे आलेले असले पाहिजेत, आणि म्हणूनच ती सात चित्रे पुन्हा घ्यावी लागतील असे मला वाईट वाटूनही सांगावे लागते आहे.

अपारदर्शक रंग वापरला तर ही सगळी काळजी टळते, असे तू म्हणशील. ते खरे आहे, आणि आपल्या देशात त्याची थोर परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या रंगवलेल्या छायाचित्रांत चित्रकार दाट रंगाने छायाचित्र जवळपास झाकून टाकत. पोशाख, गालिचा, पडदा सगळे कुंचल्याचे आणि चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी मनोरथ चित्रांत, म्हणजे यजमानाला श्रीनाथजींच्या पूजेत दाखवणाऱ्या चित्रांत, यजमान कुटुंबाचे छायाचित्रातले चेहरे कापून चिकटवले आणि भोवतीचे देवघर रंगाने उभे केले. मला ही चित्रे फार आवडतात. पण तिथे छायाचित्राने चेहऱ्याची खूण देऊन मागे सरायचे असते. तुझ्या कामात ऊन हेच मुख्य आहे, आणि ते झाकले तर सायनोटाइप करण्याचे कारणच उरत नाही.

या वाटेने आधी गेलेल्यांचे काम जरूर पाहा. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप सुरू केले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या नलिनी मालानी यांनी तिथे कॅमेऱ्याशिवाय, प्रकाशसंवेदी कागदावर थेट काम करून फोटोग्राम केले. बडोद्याचे ज्योती भट्ट हे मुद्राचित्रकार आणि छायाचित्रकारही. त्यांनी गावोगावच्या रांगोळ्या आणि भित्तिचित्रे कृष्णधवल चित्रांत नोंदवली. त्यांत पांढरी रेघ आणि तिच्याखालची जमीन यांतले अंतर कसे राखले आहे ते बारकाईने बघ. तुझ्या लुगड्याची अडचण त्याच जातीची आहे.

दोऱ्याविषयी थोडेच सांगतो. टाके छाप पूर्ण वाळल्यावर, रंगकामानंतर घालावेत. भोके आधी मागच्या बाजूने खुणा करून बारीक सुईने पाडावीत, म्हणजे कागद फाटत नाही. कागद दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपासचा असावा. लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेव. फडक्यावर रंग उतरला तर तो दोरा वापरू नकोस. काही चिकटवायचे असेल तर गव्हाची पातळ खळ पुरे, मात्र कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत इथे टाळ.

चहाच्या पाण्याने निळ्याला काळपट करण्याचा विचार तू लिहिला आहेस. त्याने निळा सुंदर गंभीर होतो हे मान्य, पण चहा कोऱ्या कागदालाही रंगवतो. भिंत तांबूस होईल आणि आमसुलांच्या लालाखालचा पांढरा जाईल. या मालिकेत तो नको. आजीच्या एकटीच्या चित्रात, जिथे तू रंग लावणार नाहीस, तिथे करून पाहा.

पाऊस सुरू होण्याआधी आजोळी जाऊन ये. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपे असताना पडवी आणि खळे यांतला फरक दुपारपेक्षा कमी असेल, आणि आमसुलांवर पसरलेली चमकही सौम्य असेल. शक्य झाले तर एक पांढरी चादर खळ्याच्या कडेला, चौकटीबाहेर पसर. तिच्यावरून उडालेला प्रकाश आजीच्या चेहऱ्यावर पोचेल. परत आल्यावर मला तयार चित्र पाठवू नकोस. आधी चाचणीची पट्टी पाठव, आणि तिच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, आकाश कसे होते, कागद कोणता, प्रत्येक घराची मिनिटे आणि धुण्याच्या पाण्यात व्हिनेगर होते की नाही हे लिही. त्या पट्टीवर तुझ्या लाल रंगाचा एकेक फटकारा प्रत्येक घरात मारलेला असू दे. कोणत्या घरात तो लाल राहतो हे पाहून आपण पुढचे बोलू.

आजींना माझा नमस्कार सांग.

तुझे,
सर