टाकी: छिन्नीची की टँकची?

प्रश्न असा आलाय: जहाजातलं इंधन किनाऱ्यावरच्या टाकीत उतरवताना पाळायच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. ‘टाकी’ हा ‘टँक’चा अपभ्रंश, तेव्हा ‘इंधनसंचयपात्र’ लिहावं का?

नको. इंधनाच्या नळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते एका नजरेत वाचायचंय. आणि हा ‘अपभ्रंश’ ऐकून ऐकून माझे कान किटलेत. त्याहून वैताग ‘ज्यात पाणी टाकतात ती टाकी’ या व्युत्पत्तीचा. मग ज्यात ओततात ती ओती का?

संस्कृतात ‘टङ्क’ म्हणजे दगड फोडायची छिन्नी. मराठीत तीच टाकी. जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ती. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तीही हीच. या टाकीने कातळात खोदलं ते टाकं. गडावरच्या कोरड्या टाक्याच्या भिंतीवर हात फिरवून बघा, तिरप्या घावांच्या ओळी बोटांना लागतात. त्या टाक्याचीच पुढे टाकी झाली. कातळ जाऊन पत्रा आला, नाव तेवढं राहिलं.

‘हॉब्सन-जॉब्सन’ (1886) हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश ‘टँक’ला दोन उगम दिसतात म्हणतो, एक हिंदुस्थानी, एक युरोपीय. युरोपीय म्हणजे पोर्तुगीज ‘तांक’, त्यामागे साचलेल्या पाण्याचा लॅटिन शब्द ‘स्ताग्नुम’. असेल, त्यांचा तांक त्यांना लखलाभ. पण त्यावरून आमची टाकी गलबतातून उतरली म्हणणारे विद्वान कोशाबाहेर पाऊल टाकत नसावेत. कुणी लगेच सांगेल, कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढि’ म्हटलंय. म्हटलंय खरं. पण ते ‘पोढि’ कोरायलाही टाकीच लागली ना!

हां, सूचना राहिल्याच. ‘टाकी’च लिहा. मात्र ‘रिकामी’ आणि ‘वायुमुक्त’ यांची गल्लत नको. पेट्रोल उपसलेली टाकी रिकामी दिसते, आत स्फोटक वाफ असू शकते. ‘सावकाश सोडा’ हेही मोघम झालं. सुरुवातीला, आतल्या नळाचं तोंड तेलात पुरतं बुडेपर्यंत, प्रवाहाचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत, असं आकड्यात लिहा, कारण उसळत पडणाऱ्या तेलात स्थिर वीज साचते.