बायोलॉजीपायी मॅथ्स सोडू नको

पोरी,

तुझा मेसेज वाचला. पायलट व्हायचंय म्हणतीस आणि घरचे सगळे डॉक्टरकीची NEET परीक्षा दे म्हणून मागं लागलेत, लातुरात दुसरं काय कानावर पडणार म्हणा. पण तू फक्त उडायचंच विचारलंस, म्हणून तुला एमी जॉन्सनचं सांगतो.

1930 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान घेऊन गेलेली पहिली बाई, एवढं सगळे सांगतात. मला तिच्या आधीच्या दिवसांचं लई कौतुक वाटतंय. मासळीच्या व्यापाऱ्याची पोरगी, लंडनला वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, तिथली नोकरी सांभाळून विमान शिकली आणि पायलटचं लायसन मिळालं तरी थांबली नाही, हँगरमधल्या मेकॅनिक लोकांत हात काळे करून ग्राउंड इंजिनियरचं लायसनही काढलं, ब्रिटनमध्ये ते काढणारी पहिली बाई. मग जिप्सी मॉथ नावाचं सेकंडहँड छोटं विमान घेतलं, कॉकपिट उघडं.

5 मेला लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली, सहाव्या दिवशी कराचीत, तिथवरचा तो रेकॉर्ड होता. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुला माहितीय, त्या उन्हात दिवसभर उडायचं आणि उतरल्यावर झोपायच्या आधी इंजिन स्वतःच बघायचं. झाशीला पेट्रोल संपत आलं तर परेड ग्राउंडवरच उतरली.

ब्रह्मदेशात रंगूनजवळ इनसीनला पावसात एका मैदानावर उतरताना विमान चारीत गेलं. पंख फाटला, प्रोपेलर मोडला. जास्तीचा प्रोपेलर तिनं निघतानाच विमानाला बांधून आणला होता बघ! तिथल्या इंजिनियरिंगच्या पोरांनी मदत केली, पंखाला कापड नव्हतं तर युद्धात उरलेल्या विमानाच्या कापडाचे कुणीतरी शर्ट शिवले होते, ते उसवून लावले. यात दिवस गेले, बर्ट हिंकलर या पायलटचा त्याच वाटेवरचा साडेपंधरा दिवसांचा रेकॉर्ड मोडायचा हुकला, तरी 24 मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचलीच.

म्हणून म्हणतो, मशीन समजून घ्यायची गोडी आत्ताच लाव. बायोलॉजी घ्यायची तर घे पण मॅथ्स सोडू नको, कमर्शियल लायसनला बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतंय. फ्लाइंग स्कूलला पैसे भरायच्या आधी मेडिकल करून घे, डोळ्यांचं काही निघालं तर आधीच कळलेलं बरं. खर्च लई आहे, 200 तास उडावं लागतं, त्यामुळं विमान मेंटेनन्सच्या कोर्सची माहिती पण काढून ठेव, तो काय कमीपणाचा नाही.

रविवारी पप्पांना घेऊन घरी ये, मी बोलतो त्यांच्याशी. येताना दहावीचं मार्कमेमो आण.