रामायणातली लंका नेमकी कोणती?

प्रश्न असा आहे : ‘श्रीलंका हे नाव १९७२ साली ठेवलं, त्याआधी तो देश सिलोन होता. मग रामायणातली लंका ती हीच, हे कशावरून? आणि “लंकेची पार्वती” म्हणताना आपण कुठल्या लंकेबद्दल बोलतो?’

आधी १९७२चा गैरसमज दूर करू. त्या वर्षी सिलोन हे नाव गेलं, पण तिथले लोक आपल्या बेटाला लंका म्हणत होते ते कितीतरी आधीपासून. पाचव्या-सहाव्या शतकातल्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात ‘लंका’ आणि ‘लंकादीप’ हे शब्द सतत भेटतात (दीप म्हणजे द्वीप). तमिळमध्ये त्याच बेटाला ‘इलंगै’ म्हणतात. तमिळच्या जुन्या वळणात शब्द र किंवा ल ने सुरू होत नाही, त्याच्या आधी इ लागतो. म्हणून रावणाचा ‘इरावणन्’ झाला आणि लंकेची ‘इलंगै’.

पण आणखी मागे गेलं की हे नाव दिसेनासं होतं. अशोकाच्या शिलालेखांत या बेटाला तंबपंणी म्हटलंय, म्हणजे ताम्रपर्णी. ग्रीकांचं ‘ताप्रोबेन’ तेच. संस्कृतात ‘सिंहल’ रूढ होतं. आणि इथे मला सगळ्यात मोलाचा वाटणारा पुरावा येतो. सहाव्या शतकात वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त दक्षिणेकडचे देश सांगतो, त्यात लंकाही आहे आणि सिंहलही, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे साधारण एकाच काळात बेटावरचा ग्रंथकार स्वतःच्या भूमीला लंका म्हणतोय आणि इकडे एक ज्योतिषी लंका व सिंहल निरनिराळे मोजतोय.

ज्योतिष्यांची लंका तर आणखी तिसरीच. उज्जैनवरून जाणारी मध्यरेखा विषुववृत्ताला जिथे छेदते, त्या बिंदूला त्यांनी लंका म्हटलं. आर्यभट सांगतो, लंकेत सूर्य उगवतो तेव्हा सिद्धपुरात मावळतो, यवकोटीत मध्यान्ह असते आणि रोमकात मध्यरात्र. चार नगरं, विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर बसवलेली. ‘लंकोदय’ (विषुववृत्तावर राशी उगवायला लागणारा काळ) ही गणितातली संज्ञा इथूनच आली. आज नकाशावर तो बिंदू शोधाल तर हिंदी महासागरात पाण्यावर बोट पडेल. श्रीलंकेचं दक्षिण टोक विषुववृत्तापासून साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला आहे, शिवाय उज्जैनच्या रेखेच्या बरंच पूर्वेला. ही लंका कुणी पाहिलेली नव्हती, गणिताला शून्याची जागा लागते म्हणून ती मानलेली होती.

शब्दाच्या मुळाकडे वळलं तर तेलुगूत ‘लंक’ हा अगदी रोजचा शब्द आहे. आंध्र प्रदेशात धवळेश्वरमच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशा दोन मोठ्या फाट्यांत विभागते. तिथे पात्रात गाळाची बेटं तयार होतात, त्या बेटांना लंक म्हणतात. पुरात बुडतात, पाणी ओसरलं की वर सुपीक माती, त्यात तंबाखू लावतात, म्हणून त्या तंबाखूलाही लंक तंबाखू म्हणतात. यदुर्लंकासारखी गावांची नावंही तिथे आहेत. तेव्हा लंका हे मुळात ‘बेट’ अशा अर्थाचं सामान्यनाम असावं, असं मला मनापासून वाटतं. बंगालीत लंका म्हणजे मिरची. समुद्रापलीकडून आली म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

मध्य भारतातली लंका मानणारेही होते. इंदूरच्या सरदार माधवराव किबे यांनी ती अमरकंटकजवळ ठरवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही तिला मध्य भारतातच शोधलं. या मतात एक अडचण आहे : मध्य भारतात समुद्र नाही, तेव्हा रामायणातल्या समुद्राचं मोठं तळं करावं लागतं. हनुमानाने ओलांडलेले शंभर योजन वाचताना मला ते पटत नाही. पण उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. योजनाचं कुठलंही रूढ माप घेतलं तरी शंभर योजनांचे शेकडो किलोमीटर होतात, आणि भारताच्या बाजूच्या धनुष्कोडीपासून श्रीलंकेतलं तलैमन्नार जेमतेम तीस किलोमीटर. माझं मत असं : कवीच्या डोळ्यांसमोर दक्षिण समुद्रातलं एक दूरचं बेट होतं, मोजलेलं नव्हे, ऐकलेलं. सिंहल त्या वर्णनाच्या सगळ्यात जवळ होतं, म्हणून नाव तिथे जाऊन बसलं आणि टिकलं. कथेतलं नाव असं जमिनीवर उतरतं, यात नवल नाही. वाराणसीतल्या ‘लंका’ या भागाचं नाव तिथे रामलीलेतला लंकेचा प्रसंग होत असे त्यावरूनच पडलं.

आता लंकेची पार्वती. वाल्मीकींची लंका विश्वकर्म्याने बांधलेली, आधी कुबेराकडे असलेली, मग रावणाने बळकावलेली. आपल्या वाक्प्रचारामागे मात्र लोककथा आहे : शंकराने पार्वतीसाठी सोन्याची नगरी उभारली, वास्तुपूजेला रावण पुरोहित म्हणून आला आणि दक्षिणा म्हणून त्याने नगरीच मागून घेतली. पार्वती होती तशीच राहिली, अंगावर फुटका मणीही नाही. म्हणून या वाक्प्रचारात गरिबीपेक्षा दागिन्यांचा अभाव महत्त्वाचा. घरात सगळं असूनही ओक्याबोक्या गळ्याने समारंभाला निघालेल्या मुलीला आई म्हणते, ‘अगं, अशी लंकेची पार्वती होऊन काय निघालीस?’ ते याच अर्थाने.