छातीचा भार कमी करायचा, तर आधी काय विचारावं?

«मावशी, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर वळ उठलेत. मान-पाठ सदा ठणकते, उन्हाळ्यात छातीखाली कातडी सोलवटते. बेळगावच्या डॉक्टरांनी स्तन लहान करायचं ऑपरेशन सुचवलंय. सासूबाई म्हणतात, देवानं दिलेलं कापायचं का? मुलगी तीन वर्षांची आहे, दुसऱ्याचा विचार आहे.»
– एक वाचक, खानापूर तालुका

पोरी, हे दुखणं खरं आहे आणि त्यावर उपाय मागणं हा नखरा नव्हे. एवढं मनात पक्कं धर.

पूर्ण भूल देऊन साधारण २ ते ४ तास ऑपरेशन चालतं. जादा चरबी, ग्रंथी, कातडी काढतात आणि स्तनाग्र वर घेतात. व्रण कायमचे राहतात: स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि बहुतेकदा खालच्या घडीत. आधी लालसर दिसतात, वर्ष-दीड वर्षात फिकट होतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पाठीचा भार मात्र बहुतेकींना लवकरच हलका वाटतो.

आता दुसऱ्या बाळाचं. या ऑपरेशननंतर अंगावर पुरेसं दूध येईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि बाळंतपणात आकारही पुन्हा बदलतो. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी बाळ, त्याचं दूध सुटू दे, मग ऑपरेशन. तोवर मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा वापर आणि फिजिओथेरपी कर.

आणि मिश्री लावतेस का गं? पत्रात नाहीये, पण आपल्याकडं घरोघरी लावतात म्हणून विचारते. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, स्तनाग्राची कातडी मरूही शकते. निदान महिनाभर आधी बंद कर, जखमा भरेपर्यंत हात लावू नकोस. डॉक्टरांपासून लपवू तर मुळीच नकोस.

नंतरचे ४ ते ६ आठवडे घागर उचलायची नाही, लेकीला कडेवर घ्यायचं नाही, आधाराची ब्रा रात्रंदिवस. त्या दिवसांत पाणी कोण भरणार, हे नवऱ्याशी आताच बोल. माहेरून आई येऊ शकत असेल तर बोलावून घे.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच (म्हणजे त्या शाखेची खास पदवी घेतलेला) आहे ना, ते बघ. संमतीपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत असलं, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नकोस. सासूबाईंनाही सोबत ने. खांद्यावरचे वळ त्यांनी कधी पाहिलेत का?