कळ वर सरकते की खाली?

वाचकांचे प्रश्न : सायटिका

कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेबद्दल बरीच पत्रं आली आहेत. लिहिणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

वय ४६, शिक्षिका. तीन आठवड्यांपूर्वी जमिनीवरचा पेपरांचा गठ्ठा उचलताना कंबरेत चमक भरली. चार दिवसांत कंबर मोकळी झाली, पण डाव्या कुल्ल्यापासून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ सुरू झाली. शिंक आली की जीव जातो. एमआरआयमध्ये 'एल ४–एल ५ बल्ज, एल ५–एस १ प्रोट्रूजन' आलंय. सासूबाई म्हणतात, महिनाभर पडून राहा. हलू की नको? (कराड)

हला. पडून राहायचं ते फार तर एक-दोन दिवस, तेही कळ सोसवत नसेल तर. महिनाभर झोपून गादी भरून येत नाही, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू मात्र उतरतात.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. तिशी-चाळिशीत कड्याला बारीक चिरा पडायला लागतात, पण गर अजून ओलसर असतो. वाकून वजन उचललं की तो चिरेतून मागे-बाजूला ढकलला जातो, आणि नेमकी तिथूनच पायाची नस बाहेर पडते. साठीनंतर गर सुकत जातो, म्हणून हे दुखणं मधल्या वयात जास्त. शिवाय नस नुसती दबत नाही. बाहेर आलेल्या गरामुळे तिला सूजही येते. म्हणून छोट्याशा प्रोट्रूजनने, म्हणजे गादीचा थोडासा भाग बाहेर आल्याने, माणूस रडकुंडीला येतो आणि मोठी गादी बाहेर आलेला कधीकधी आरामात फिरत असतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते ती यामुळे.

आता रिपोर्ट. एल ४, एल ५ हे कंबरेचे शेवटचे दोन मणके, एस १ त्यांच्या खालचा. 'बल्ज' म्हणजे गादी जराशी फुगलेली. कसलंही दुखणं नसलेल्या चाळिशीच्या माणसांचा एमआरआय काढला, तरी जवळपास निम्म्यांत 'बल्ज' सापडतो. त्या शब्दाला घाबरू नका. बघायचं ते एवढंच, की फोटो आणि पाय एकच गोष्ट सांगतात का. पोटरीची मागची बाजू, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी हा एस १ नसेचा इलाखा आहे, आणि ती नस एल ५–एस १ च्या गादीपाशी सापडते. तुमचं जुळतंय. वरच्या बल्जकडे दुर्लक्ष करा. कळ पावलाच्या वरच्या भागातून अंगठ्याकडे गेली असती, तर एल ५ नसेचा विचार केला असता.

रोज एका ठरावीक वेळी पायाची ताकद तपासा. भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर व्हा, मग दुसऱ्या पायावर. नंतर टाचांवर दहा पावलं चाला. दुखून थांबलात तर काळजी नाही. दुखत नसताना टाच उचललीच जात नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

व्यायाम सतरंजीवर करा, झोपायच्या गादीवर कंबर खचते. पहिली पायरी : पालथं पडायचं, हात बाजूला, मान एका अंगाला, पाच मिनिटं. तेही होत नसेल तर पोटाखाली चपटी उशी घ्या आणि दोन-तीन दिवसांत काढून टाका. दुसरी : कोपरं खांद्यांच्या खाली आणून छाती उचला, कंबर ढिली सोडा, दोन-तीन मिनिटं. तिसरी : तळवे टेकून हात सरळ करत छाती वर न्या, ओटीपोट सतरंजीलाच राहू द्या, वर एक-दोन सेकंद थांबून खाली या. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. एका बैठकीत पन्नास काढून दिवसभर खुर्चीत बसलात तर काही हाती लागत नाही.

चूक बहुतेकांची एकच होते : कुल्ले घट्ट आवळून, ओटीपोट उचलून, हातांऐवजी पाठीच्या जोराने वर येतात. शरीर हातांनी ढकलायचं, पाठीला फुकट न्यायचं.

करताना कळ कुठे सरकते, तिकडे लक्ष ठेवा. करंगळीतून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर बरोबर चाललंय, मग कंबर पहिल्यापेक्षा थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ किंवा मुंग्या खाली सरकल्या आणि थांबल्यावरही खालीच राहिल्या, तर एक पायरी मागे या. दोन-तीन दिवसांत वर सरकायचं नावच नसेल, किंवा आरशात धड एका बाजूला कललेलं दिसत असेल, तर हा व्यायाम घरी रेटू नका. फिजिओथेरपिस्ट दिशा बदलून देतील.

शिंक आली की आपण पुढे वाकतो. त्याऐवजी ताठ उभं राहून एक हात भिंतीला आणि कंबर किंचित मागे. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावरचा पहिला तास वाकायचं नाही. अंथरूण दुसऱ्याला काढू दे. रात्री कुशीवर, दुखरा पाय वर, गुडघ्यांमध्ये उशी. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्याने चाला.

वय ४९. उजव्या पायात दोन महिने भयंकर कळ होती. आठ दिवसांपासून ती एकदम उतरलीय, झोप लागते. फक्त चालताना चप्पल पायातून निसटते आणि जिन्यावर अंगठा अडखळतो. व्यायाम वाढवू का? (जालना)

अंक छापून येईपर्यंत थांबायला नको, म्हणून यांना उत्तर आधीच कळवलं आहे. इथे छापतो आहोत ते इतरांसाठी, कारण ही फसगत नेहमीची आहे.

कळ गेली आणि तिच्याबरोबर ताकदही गेली, तर ते बरं होणं नव्हे. पाऊल आणि अंगठा वर उचलणारी नस काम सोडते आहे. चप्पल पकडायला आपण नकळत बोटं वर धरत असतो. ती धरली जात नाहीत, म्हणून चप्पल निसटते. एक-दोन दिवसांत मणक्याच्या सर्जनना दाखवायला हवं. उशीर होईल तशी ताकद परत येण्याची शक्यता घटते.

यापेक्षाही तातडीची एक अवस्था आहे. सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा झालेली न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पाय लुळे पडत जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा, सकाळची ओपीडी नव्हे. तिथे तासांचा हिशेब असतो. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पूर्वीचा कॅन्सर किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणं, यातलं काही असेल तरीही व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासणी. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

ऑपरेशनबद्दल इतरांनीही विचारलं आहे. नस दाबणारा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. पायातली कळ लवकर थांबते, जुनी कंबरदुखी जाईलच असं नाही. ताकद शाबूत असेल तर घाई नसते. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर ते आणि थांबलेले लोक सारख्याच पातळीवर होते. तेव्हा सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही कळ जगू देत नसेल, तर सर्जनशी बोला.

वय ५१, रिक्षा चालवतो. दहा-बारा तास बसून. उजवा पाय कुल्ल्यापासून ठणकतो. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणि 'नसांची' प्रिगॅबालिन दीड महिना घेतोय. सकाळी डोकं जड होतं. काम बंद करणं परवडत नाही. (नाशिक)

डोकं जड होतंय ते प्रिगॅबालिननेच असेल. गरगरणं आणि गुंगी हे तिचे नेहमीचे त्रास, आणि तुमच्या मागे तीन माणसं बसलेली असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकेवर ही गोळी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, आणि ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शिका सायटिकेसाठी ती देऊ नका म्हणते. मात्र दीड महिना घेतलेली गोळी एका दिवसात तोडू नका, डॉक्टरांकडून मात्रा उतरवून घ्या.

दुखण्याच्या गोळीची पट्टी उलटून वाचा. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांपैकी एका वेळी एकच. 'कॉम्बिनेशन' गोळीत यातलं एक आधीच असतं, आणि लोक वरून दुसरी घेतात. जेवणानंतर, कमी मात्रेत, थोडे दिवस. रक्तदाब, किडनी, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. दीड महिना विनातपासणी हे जास्तच झालं. रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) बघून घ्या.

आता सीट. मागच्या खिशातलं पाकीट आणि सुट्या पैशांची पुरचुंडी आजच काढा. नस कुल्ल्यातल्या स्नायूखालून जाते, आणि त्या उंचवट्यावर तुम्ही दहा तास बसता. मनगटाइतका जाड टॉवेल गुंडाळून कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर पाठीमागे ठेवा. खाली ठेवलात तर तो तुम्हाला पुढे ढकलेल. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, गिऱ्हाईक असो-नसो, खाली उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुका. रिक्षा जुनी असून खालचा लीव्हर ओढून चालू करावी लागत असेल, तर बसल्या जागी वाकून-वळून झटका देऊ नका. गाडी ढकलायची वेळ आली तर दुसऱ्याला हाक मारा. ब्रेक उजव्या पायाचा आहे. तो पाय दाबताना कमजोर वाटला त्या दिवशी रिक्षा बाहेर काढायची नाही.

वय ४३. घरचं सगळं काम मीच करते. भारतीय पद्धतीचा संडास, विहिरीचं पाणी, वाकून केर. डॉक्टर म्हणतात 'वाकू नका'. मग करू कसं? (संगमेश्वर)

'वाकू नका' एवढंच सांगणं सोपं आहे, खरं. पण काही बदल होतात. केरसुणीला लांब दांडा बांधा. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा घ्या. ओट्यापाशी उभं राहताना एक पाय विटेवर किंवा पाटावर, दर पाच-दहा मिनिटांनी पाय बदला. पाणी एका हंड्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या कळश्या. उचलताना भांडं पायांच्या मध्ये आणि अंगाला चिकटून. गुडघे वाकवून उचललं पण भांडं हातभर लांब धरलं, तर गुडघे वाकवल्याचा फायदा गेलाच. वजन हातात असताना कमरेतून वळू नका, पावलं वळवा.

संडासावर प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची ठेवता येते. महिना-दीड महिना वापरा. कुंथलं की कळ पोटरीपर्यंत जाते, म्हणून पोट साफ राहायला हवं : रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर कोमट पाण्यातून, आणि दिवसभर भरपूर पाणी. कमी पाण्यात इसबगोल उलट अडकून बसतं.

वय ५८. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, बसलं की मोकळ्या. सायकल मात्र अर्धा तास चालवतो. भुजंगासनाने त्रास वाढतो. (पुणे)

वर शिक्षिकाबाईंना सांगितलेला व्यायाम भुजंगासनासारखाच आहे, तो तुम्ही करू नका. वयाने नसांची वाट अरुंद झाल्याची ही लक्षणं दिसतात. मागे झुकलं की ती वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. म्हणून सायकलचा हँडल धरून बरं वाटतं. उताणं पडून गुडघे एकेक करून आणि मग दोन्ही छातीकडे घ्या, दहा वेळा, दिवसातून दोनदा. सायकल चालू ठेवा. चालताना त्रास सुरू व्हायच्या आधी बसा, मग पुन्हा चाला. पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या तरी असंच होतं, पण तिथे नुसतं उभं राहूनही बरं वाटतं. धूम्रपान किंवा मधुमेह असेल तर घोट्यापाशी नाडी लागते का, हे डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या.

कंबरपट्टा, शेक, निर्गुंडीचं तेल, मणका 'बसवणारे', सूर्यनमस्कार. यातलं काय करावं? (अनेक वाचक)

पट्टा प्रवासापुरता, एक-दोन तास, तोही पहिले पंधरा दिवस. शेक पंधरा-वीस मिनिटं चालेल, पण पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर पायाला नको, भाजलेलं कळत नाही. तेल हलक्या हाताने लावलं तर स्नायू सैल पडतो आणि बरं वाटतं. नसेपर्यंत ते पोचत नाही. पायाने तुडवून घेणं किंवा झटक्याने मणका 'बसवणं' नको. गादी जागची सरकलेलीच नसते, तर बसवणार काय? सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन कळ पायात आहे तोवर बंद. कळ कुल्ल्याच्या वर येऊन दोन आठवडे तिथेच राहिली की अर्धशलभासनापासून सुरुवात करा : पालथं पडून एका वेळी एक पाय उचलायचा.