धूम्रपानबंदीच्या कायद्याने सिगारेट ओढणाऱ्यांच्या सवयी खरंच बदलतात का?

तुमचे वडील दिवसाला एक पाकीट संपवतात, आणि सार्वजनिक ठिकाणच्या बंदीने अशा माणसात काही फरक पडतो की तो फक्त आडोसा शोधतो, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः अठरा वर्षं ओढली. फरक पडतो, नक्की पडतो. माझी सिगारेट कायद्याने सुटली नाही, पण ती माझ्या टेबलावरून उठली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

२ ऑक्टोबर २००८ ला नवे नियम लागू झाले तेव्हा मी ठाण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. दवाखाने, कोर्ट, वाचनालयं, आगगाड्या इथल्या बंदीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ मध्येच दिला होता. आता आमच्यासारखी ऑफिसंही त्यात आली. दाराशी पाटी लागली आणि शिपायाने सगळ्या टेबलांवरच्या राखदाण्या गोळा करून नेल्या, कारण राखदाणी, काडेपेटी ठेवायलाही नियमात मनाई होती. दोनशे रुपयांच्या दंडाची भीती मला कधी वाटली नाही. दंड भरलेला माणूसही मी पाहिला नाही. राखदाणी गेल्यावर मात्र हात अडला.

तोवर मी दिवसाला तेरा-चौदा ओढायचो, त्यातल्या निम्म्या नकळत. फोन वाजला की एक, व्हाउचरांचा गठ्ठा समोर आला की एक, चहा आला की एक. आता प्रत्येक वेळी उठून तीन मजले उतरायचे आणि गेटबाहेरच्या टपरीवर उभं राहायचं. महिन्याभरात आठ-नऊवर आलो. खरी तलफ तेवढीच होती, बाकीच्या नुसत्या हाताच्या सवयीच्या होत्या हे मला तेव्हा कळलं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: टपरीवर मी झुरके खोल घ्यायचो, थोटकापर्यंत ओढायचो, कधी लागोपाठ दोन. त्यामुळे सिगारेटी कमी झाल्या म्हणजे छातीवरचा भार त्याच हिशेबात कमी झाला, असं धरू नका.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायच्या. पाटी लागल्यावर आठवड्याभराने त्या सहज म्हणाल्या, "इतकी वर्षं संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, पण सांगणार कोणाला?" सहा वर्षं त्या माझा धूर घेत होत्या आणि एकदाही बोलल्या नव्हत्या. आम्ही ओढणारे समजायचो की कोणाला त्रास होत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. त्या पाटीने बोलण्याचा हक्क त्यांच्या हातात दिला. ओढणाऱ्याचं मन बदलतं ते इथे, निदान माझं तरी इथे बदललं.

त्याच दिवाळीत मी घरातल्या हॉलमध्ये ओढणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कायदा घराच्या उंबऱ्याआत येतही नाही. हे माझ्या एकट्याचं नसावं. देशपातळीवरच्या तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० मध्ये घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ सुमारे ५२ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ते ३८.७ टक्क्यांवर आले. स्कॉटलंडमध्ये २००६ साली बंदी आली तेव्हाही लोकांना धास्ती होती की बाहेर अडवलेली माणसं घरात मुलांसमोर जास्त ओढतील. तिथल्या अभ्यासांत तसं काही आढळलं नाही.

आपल्याकडे एक पळवाट मात्र मोठी आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. आमच्यातले दोघं जिने उतरायचा कंटाळा करून तंबाखू-चुना मळायला लागले. धूर नाही, वास नाही, खुर्चीतून उठायला नको. महाराष्ट्रात तसेही ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. वडिलांची सिगारेट अचानक कमी झाली, तर खिशात पुडी नाही ना, हे आधी बघा.

सोडणं हे वेगळं काम आहे. माझी सुटली ती २०११ मध्ये, चौथ्या प्रयत्नात, डॉक्टरांच्या मदतीने आणि निकोटीनचं च्युइंगम चघळून. आता तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सेवेचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो, मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही या सेवेचं केंद्र आहे. वडिलांना आधी स्वतःहून फोन करायला लावू नका, एकदा तुम्ही लावा आणि शेजारी बसा. घरातली राखदाणी मात्र आजच उचला. आणि धुराचा तुम्हाला त्रास होतो हे त्यांना स्पष्ट, शांतपणे सांगा. कोणी सांगितल्याशिवाय ते आम्हाला खरोखरच कळत नाही.