टर्न घ्यायची की पॉज दाबायचा?

फँटसी आरपीजीतल्या (रोल-प्लेइंग म्हणजे पात्रं घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममधल्या) लढायांबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये लढाई सुरू झाली की शत्रूच आधी खेळतात. माझी टर्न (पाळी) येईपर्यंत विझार्ड (जादूगार) आडवा झालेला असतो. पार्टीच (माझ्या पात्रांची तुकडीच) चुकली आहे का?

उत्तर : पार्टी राहू द्या, आधी डेक्स्टेरिटी (पात्राच्या चपळाईचा आकडा) बघा. कागदावरच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये इनिशिएटिव्हसाठी (आधी कोण खेळणार हे ठरवायला) २० बाजूंचा फासा टाकतात, या गेममध्ये मात्र ४ बाजूंचा. फासा लहान असल्यामुळे बोनसला फार वजन येतं. डेक्स्टेरिटी १६ असेल तर +३, म्हणजे बेरीज ४ ते ७. डेक्स्टेरिटी १० असेल तर बोनस शून्य, बेरीज १ ते ४. म्हणजे १६वाल्याला कितीही वाईट दान पडलं, तरी ते १०वाल्याच्या सर्वांत चांगल्या दानाइतकं असतंच. ‘अलर्ट’ फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) घेतली तर वर आणखी +५ मिळतात आणि त्या पात्राला कुणी बेसावध गाठूही शकत नाही. विझार्डला डेक्स्टेरिटी १४ किंवा १६ ठेवा. तिचा आर्मर क्लासलाही (वार चुकवण्याच्या आकड्यालाही) फायदा होतो.

दुसरी चूक बहुधा लढाईच्या आधीच होते. चौघं एका घोळक्यात चालत जातात, समोर संवाद सुरू होतो आणि शत्रूच्या पहिल्याच स्पेलमध्ये (मंत्रात) चौघंही सापडतात. शत्रू लांबून दिसले की की-बोर्डवर जी दाबून पार्टी सुटी करा. शिफ्ट-स्पेस दाबून टर्न मोड सुरू करा. तो लढाईबाहेरही चालतो. धनुष्यवाल्याला आणि विझार्डला उंचावर नेऊन ठेवा. उंचावरून मारताना हल्ल्याला +२ मिळतात, खालून वर मारताना २ कमी होतात. मग लपलेल्या पात्राकडून पहिला वार करा. बेसावध सापडलेल्या शत्रूची पहिली टर्न वाया जाते.

आणि मार विभागू नका. निम्मा जखमी झालेला गॉब्लिनही पूर्ण ताकदीनेच मारतो. तीन शत्रूंना अर्धं-अर्धं करण्यापेक्षा एकाला संपवलं, तर पुढच्या फेरीत एक हल्ला कमी झेलावा लागतो. पार्टीतल्या दोघांची टर्न लागोपाठ आली तर त्यांना हव्या त्या क्रमाने खेळवता येतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आधी एकाने ‘होल्ड पर्सन’ हा शत्रूला जखडणारा स्पेल टाकायचा, मग दुसऱ्याने जवळ जाऊन वार करायचा : ३ मीटरच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जास्त इजा करणारा.

प्रश्न : १९९८चा पहिला ‘बाल्डर्स गेट’ खेळतोय. माझा फायरबॉल (आगीच्या स्फोटाचा स्पेल) शत्रूंना सोडून माझ्याच फायटर्सना भाजतो. टायमिंग कसं जमवायचं?

उत्तर : हा गेम रिअल-टाइम (पाळीसाठी न थांबता सतत चालणारा) दिसतो, पण आत घड्याळ फेऱ्यांचंच आहे. एक फेरी ६ सेकंदांची. फायरबॉलचा कास्टिंग टाइम (स्पेल म्हणायला लागणारा वेळ) ३, म्हणजे फेरीचे तीन दशांश, साधारण १.८ सेकंद. तेवढ्या वेळात शत्रू तुमच्या फायटरपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे शत्रू आत्ता जिथे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही.

क्रम असा ठेवा. थीफला लपत पुढे पाठवून शत्रू हेरा. फायटर्सना दारात थांबवा, आत सोडू नका. आधी ‘वेब’ टाका, शत्रू जागच्या जागी अडकतात. मग फायरबॉल, तोही शत्रूवर क्लिक करून नाही, तर त्यांच्या मागच्या जमिनीवर, म्हणजे स्फोटाची अलीकडची कड दारापर्यंत पोचत नाही. फायटर्स सर्वांत शेवटी, वेब विरल्यावर. नाहीतर तेही त्यात चिकटतात.

स्पेल म्हणताना विझार्डला एक बाण लागला तरी स्पेल मोडतो आणि स्लॉटही (तो टाकायची संधीही) जातो. म्हणून आधी ‘मिरर इमेज’ (विझार्डच्या खोट्या प्रतिमा उभ्या करणारा स्पेल) लावा. एका फेरीत एकच स्पेल निघतो, तेव्हा पॉज करून दुसरा घाईने निवडला तरी विझार्ड उभाच राहतो. अनेकांना तो बग वाटतो, पण तो नियम आहे.

ऑटो-पॉजमध्ये (गेम आपोआप थांबवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘शत्रू दिसला’ आणि ‘पात्र गंभीर जखमी’ हे दोन नक्की सुरू करा. ‘फेरी संपली’ हा फक्त कठीण लढाईपुरता ठेवा. पॉज वापरणं म्हणजे लबाडी नव्हे. सहा जणांची पार्टी त्याच हिशेबाने दिलेली आहे.

प्रश्न : टर्न आणि रिअल-टाइम असे दोन्ही मोड असलेल्या गेममध्ये कोणता निवडावा?

उत्तर : ‘पाथफाइंडर : रॅथ ऑफ द रायचस’मध्ये (२०२१) लढाई चालू असतानाही मोड बदलता येतो, तेव्हा एकच धरून बसू नका. किरकोळ शत्रूंच्या टोळ्या रिअल-टाइममध्ये उरका. या गेममध्ये अशा लढायांची रांग असते. सगळ्या टर्नने खेळलात तर कथेचा धागाच हातातून सुटेल. बॉस आला की टर्न मोड. तिथे एक गोष्ट सांभाळा : फायटर लांब चालला की त्याला एकच वार मिळतो, सगळे वार हवे असतील तर ५ फुटांच्या पावलापलीकडे हलू नका.

‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’चं मात्र वेगळं आहे. २०१८च्या या गेममध्ये टर्न मोड जानेवारी २०१९मध्ये आला आणि तो नवा गेम सुरू करतानाच निवडावा लागतो. आकडे मुळात रिअल-टाइमसाठी बेतलेले होते. तिथे झपझप चालणारा खंजीर जड हत्याराच्या एका घावात दोन-तीनदा लागतो. टर्न मोडमध्ये दोघांनाही फेरीत एकच संधी. म्हणून तिथे जड, संथ हत्यारं घ्या. वेगावर उभी केलेली पात्रं फिकी पडतात. आमच्या मते हा गेम रिअल-टाइममध्येच जास्त खुलतो.

प्रश्न : जुन्या ‘फायनल फँटसी’त मेनू उघडून विचार करेपर्यंत शत्रू मारून जातो. हे टर्न-बेस्ड ना?

उत्तर : अर्धंच. १९९१च्या ‘फायनल फँटसी ४’पासून आलेल्या एटीबी (अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल) पद्धतीत प्रत्येकाचा वेळ स्वतंत्र भरत राहतो. ‘फायनल फँटसी ७’च्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ऐवजी ‘वेट’ निवडा, म्हणजे मॅजिक किंवा आयटमची यादी उघडी असेपर्यंत वेळ थांबतो. मुख्य मेनूवर मात्र तो चालूच राहतो, तेव्हा विचार यादी उघडून करा.